पुलापर्यंत

"सम्मेदचा फोन आलता," आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या. हातातल्या पावट्याच्या शेंगा सोलायचं काही थांबलं नाही.

म्हणजे मी सांगायला आले होते ते माझ्या आधीच सांगलीला, विश्रामबागेत पोचलं होतं. दहा महिन्यांची ब्राह्मी कडेवर, खांद्याला दुपट्यांची पिशवी, साताऱ्याहून तीन तासांची एसटी, आणि वाटभर मनात जुळवत आणलेली वाक्यं. ती सगळी तशीच राहिली.

"सोमवारी हजर व्हायचं म्हणं."

"हो."

"काम काय असतंय तितं?"

"दूध, मसाले, लोणची तपासायची. त्यात जंतू आहेत का बघायचं."

"आवं बया! मग आमच्या घरात कवाच पास न्हाई व्हायचं काय," म्हणत त्या हसल्या आणि ब्राह्मीच्या हातात एक शेंग दिली.

एमएससी होऊन पाच वर्षं झाली. त्यातली तीन मी अर्ज करत होते. यंदा पहिल्यांदाच कुणीतरी हो म्हणालं होतं, तेही साताऱ्यातल्या आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर, एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये. पाळणाघरवाल्या बाई म्हणाल्या, पोर चालायला लागल्याशिवाय घेत नाही. माझी आई लग्नाआधीच गेली. नवऱ्याची, सम्मेदची, ड्यूटी पाळ्यांची. आणि त्याचं म्हणणं वेगळंच. परवा पोळीचा तिसरा घास घेता घेता म्हणाला, "आहे त्यात काय कमी आहे ग? समाधान नावाची काही गोष्ट असते की नाही?" पुढे म्हणाला, "भाजी वाढ."

उरल्या आत्या. त्यांनी साताऱ्याला येऊन राहावं, वर्षभर तरी. आणि आत्या कृष्णेच्या पुलापलीकडे येत नव्हत्या.

गेल्या वर्षीच्या चातुर्मासातली गोष्ट. माताजींचा, म्हणजे आर्यिकांचा, मुक्काम इथल्या बस्तीत, जैन मंदिरात होता. आत्यांनी दिशांचं व्रत घ्यायचं ठरवलं. चारी दिशांना आपण कुठवर जाणार ती हद्द एकदा सांगायची आणि जन्मभर ओलांडायची नाही. सासरे गेल्यापासून आत्या एक एक गोष्ट सोडतच होत्या. आधी चहा, मग रंगीत लुगडी, आता वाटा. मला तेव्हा तिसरा महिना होता. मी त्यांच्या मागे भिंतीला टेकून बसले होते.

मिरज झालं, हरिपूर झालं, कुपवाड झालं. पुलाकडची दिशा आली तशा आत्या मागे वळल्या. अगदी हळू, दुसऱ्यांदा भात मागावा तसं म्हणाल्या, "स्वप्नाली, सातारा धरू का ग?"

लग्नानंतर त्या महिनाभर आमच्याकडे राहून गेल्या होत्या. दोन खोल्या. कांदा बंद, बटाटा बंद, पाणी गाळून, दिवस मावळायच्या आत जेवण. माझ्या माहेरी इतकं कडक नव्हतं. त्या महिन्यात माझ्या फ्रिजमध्ये माझं असं काही उरलं नव्हतं. तेच सगळं त्या एका क्षणात डोळ्यांसमोर आलं. त्यांनी रोज संध्याकाळी माझे पाय चेपले होते, ते मात्र आठवलं नाही.

"कशाला आत्या, तुम्हाला दगदग," मी म्हणाले. "पूल पुरे की."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मान हलवली आणि माताजींकडे वळून म्हणाल्या, "पुलापतोर." माताजींनी आशीर्वादाला मोरपिसांची पिंछी उचलली. झालं. बायका म्हणाल्या, काय समाधानी बाई हाय. मीही त्यात मान डोलावली.

ब्राह्मी साताऱ्याला जन्मली. बारशाला आत्या फोनच्या पडद्यावर होत्या, नवं पांढरं लुगडं नेसून. पाळणा त्यांनीच म्हटला. तिसऱ्या कडव्याला नेट अडकलं आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. सगळे हसले. नेट परत आलं तेव्हा त्या शेवटच्या कडव्यावर होत्या. मधलं कुणी ऐकलं नाही हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

शेजारच्या हरणाबाई दारातून डोकावल्या. "आलीस व्हय ग? आजीला न्यायला आलीस काय?"

"आजीचा मुलूख पुलापतोर," आत्याच म्हणाल्या. "पल्याड दुसऱ्या राजाचं राज्य."

"बरं हाय बाई तुझं. ना जाणं, ना येणं. आमचं बघ, ल्योक पुण्याला बलवतोय, सून तोंड वाकडं करतीय."

"माझी सून तसली न्हाई," आत्या म्हणाल्या.

हरणाबाई गेल्या. "आत्या," मी म्हटलं, "त्या दिवशी बस्तीत मी पूल पुरे म्हणाले ना, ते तुमची दगदग वाचावी म्हणून नव्हतं."

"म्हाईत हाय की."

"कधीपासून?"

"तवाच." त्यांनी सालं पदरातून ताटात झटकली. "तुजं घर, तुजा संसार. न्हाई वाटत कुणाला? मला बी माजी सासू नको झालती. तिनं कवा इचारलं न्हाई, मी इचारलं, एवढंच."

मी रडायला लागले तशी ब्राह्मी माझ्याकडे बघून रडायला लागली. आत्यांनी तिला घेतलं, खांद्यावर टाकलं. मिनिटभरात ती गप्प. त्यांच्या खांद्याला हळदीचा आणि धुतलेल्या सुती कापडाचा वास येतो, तो तिला मोजून चार वेळा मिळालेला. तरी तिने तो ओळखला.

"हिला हितं ठेव," त्या म्हणाल्या. "रयवारी येत जा."

मी ब्राह्मीकडे बघितलं. अजून अंगावर पिते ती. झोपताना माझं कानशील चिमटीत धरते. आठवड्यातून एक दिवस? मी पुढे होऊन तिचं दुपटं सारखं केलं.

आत्यांना कळलं. त्या तिला थोपटत राहिल्या. मग म्हणाल्या, "काल माताजीस्नी फोन लावला हुता. म्हटलं, हद्द वाढवता येती का. तर म्हणाल्या, वाढवता येत न्हाई. मोडता येती. पर मोडली असं म्हणावं लागंल." त्यांचा हात थांबला. "तू ये म्हण. येते मी साताऱ्याला. मोडली म्हणंन."

हेच तर मागायला आले होते. आता फक्त एक शब्द बोलायचा होता.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या खोलीत त्यांचं असं काय होतं? एक पाट, जपमाळ, सासऱ्यांचा फोटो. आणि सव्वा वर्ष पाळलेली ती हद्द. दोन महिन्यांपूर्वी त्यांची सख्खी बहीण पुलापलीकडे, इस्लामपूरला वारली. आत्या पुलाच्या अलीकडे उभ्या राहून नदीकडे बघत हात जोडून आल्या. एवढी किंमत देऊन राखलेली गोष्ट. एकदा मी माझ्यासाठी ती आखून घेतली. आता माझ्यासाठीच पुसून घ्यायची? आणि मग माझ्या दोन खोल्यांत रोज सकाळी त्यांनी जपाला बसायचं ते काय म्हणत?

"नको आत्या," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. तशीच, बस्तीत हलवली होती तशी.

"बरं," म्हणाल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्यांना काय ऐकू गेलं ते. "तसं नव्हे आत्या, मला तुम्ही हव्या आहात, पण तुमचं व्रत…"

"आसू दे ग. मी कुटं काय म्हणतीय?"

"खरंच सांगते."

"खरंच की. चल, गाडी चुकंल." त्यांनी सोललेले पावटे एका पिशवीत भरून माझ्या हातात दिले. "तुला आवडत्यात म्हणून सोलले."

रिक्षात त्या ब्राह्मीला मांडीवर घेऊन बसल्या. पुलाच्या तोंडाशी उतरल्या. दरवेळी इथवर येतात. मी पुलावरून चालत पलीकडे सांगलवाडीला जाते, तिथे गाडी थांबते. ब्राह्मीला माझ्याकडे देताना तिने त्यांचा पदर मुठीत धरला, तो सोडेना. आत्या पदरासोबत एक पाऊल पुढे आल्या, दुसरं आल्या. मग खाली, पुलाच्या कठड्याकडे बघितलं आणि थांबल्या. एक एक बोट करून तिची मूठ उघडली.

"जावा आता," म्हणाल्या. "माजं लय चांगलं चाललंय."

पुलाच्या मध्यावर मी लॅबच्या मॅडमना फोन लावला. येऊ शकत नाही म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, ठीक आहे, यादीत पुढचं नाव आहे. पंधरा सेकंदसुद्धा लागले नाहीत.

मागे वळून बघितलं तर आत्या तिथेच उभ्या होत्या. मी हात केला. त्यांनीही केला. मग मी ओरडून म्हणाले, "या आत्या!" मधून एक ट्रक गेला. ऐकू गेलं असेल, नसेल. त्यांनी पुन्हा हात हलवला, निरोपाचा.

संध्याकाळी सम्मेदने ब्राह्मीला उचललं, माझ्याकडे बघितलं, म्हणाला, "शहाणी आहेस. मानलंस ना समाधान?"

मी पावटे पाण्यात टाकले.