शेंडा आणि बुडखा

“अपेंडिक्स काय परत उगवतं का, डॉक्टरीणबाई?” पलंगाच्या पायथ्याशी उभ्या पेशंटच्या सासूबाईंनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. सुनेच्या पोटावर नऊ वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनचा व्रण होता आणि कागदावर याच हॉस्पिटलच्या मोठ्या सर्जनांच्या अक्षरात ‘अपेंडिक्स काढले’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. म्हणून तर ही शिवणकाम करणारी बाई दोनदा पित्ताच्या गोळ्या घेऊन घरी गेली होती. आज शिलाई मशीनवर पायच चालेना, तेव्हा तिसऱ्यांदा आली.

सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाईंना सगळं हॉस्पिटल शेंडाबाई म्हणे. कधीकधी अपेंडिक्सचा नुसता शेंडाच सुजतो, म्हणून तो दिसेपर्यंत त्या पेशंटला सोडत नसत, मग बाहेरची रांग जिन्यापर्यंत जाईना का. या नावाचा त्यांना थोडा अभिमानच होता.

आज शेंडा नव्हताच. त्या पोटावर प्रोब दाबत मागे मागे गेल्या, अपेंडिक्स जिथून फुटतं त्या आतड्यापर्यंत. तिथे करंगळीच्या पेराएवढा तुकडा टम्म सुजलेला होता आणि आत खडा अडकला होता. सून कळवळली. शेंडा गेला होता, बुडखा राहिला होता.

त्यांनी मोठ्या सर्जनांना फोन लावला. शेंडाबाई त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या.

“अगं, मी स्वतः काढलंय ते. गॅस असेल. नॉर्मल लिही आणि सोड.”

शेंडाबाईंनी पडद्याकडे पुन्हा पाहिलं. ज्यांनी बोट धरून शिकवलं, त्यांच्याच कामात खोट काढायची. पण बुडखा फुटला असता तर ही बाई चौथ्यांदा यायला उरली नसती.

“नॉर्मल लिहिणार नाही, सर. तुम्ही खाली या. तोवर मी हिला घरी सोडत नाही.”

“हट्टी आहेस.”

“तुमच्याकडूनच शिकले.”

ते आले, चरफडतच. पडद्यावर पाहिलं, सीटी स्कॅन करायला लावला, तोही पाहिला. मग स्टूल ओढून पेशंटजवळ बसले.

“तेव्हा मी मुळाशी कापायला हवं होतं. थोडं ठेवलं, तेच सुजलंय. चूक माझी आहे, बाई.”

सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे उगवलं नाही तर.”

“नाही, आजी. राहिलं होतं,” मोठे सर्जन म्हणाले.

दुपारी बुडखा फुटायच्या आत निघाला. शेंडाबाई मुद्दाम वर गेल्या. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या फळ्यावर ‘सर्जन’पुढे धाकट्या डॉक्टरांचं नाव होतं. खाली ‘मदतनीस’पुढे मोठ्या सर्जनांनी आपल्या हातानं आपलं नाव लिहिलं होतं. तीस वर्षांत ते खालच्या ओळीत कधी आलं नव्हतं.

मावशी ओलं फडकं घेऊन फळा पुसायला आल्या.

“राहू द्या, मावशी,” शेंडाबाई म्हणाल्या. “आजचा दिवस राहू द्या.”