घंटाफुलांचं तीर्थ

रविवार उजाडला की धायरीतल्या आमच्या गल्लीत स्कूटर लावायलाही जागा उरत नसे. सगळी गर्दी समोरच्या हिंमतरावांच्या अंगणात. तिथे त्यांच्या बायकोनं, मुक्ताईंनी, हौसेनं वाढवलेलं एक झाड होतं. वीतभर लांब, खाली तोंड करून लटकणारी, थेट घंटेसारखी पांढरी फुलं. नर्सरीवाले त्याला एंजल्स ट्रम्पेट म्हणतात. दिवे लागायच्या वेळी त्याचा वास आमच्या बाल्कनीपर्यंत यायचा.

मुक्ताई वारल्या आणि हिंमतराव त्या झाडाखालीच बसून राहू लागले. तिथेच दिगंबरबुवा नावाच्या एका बाबानं त्यांना गाठलं.

"ही फुलं नव्हेत, देवीच्या घंटा आहेत," बुवा म्हणाला. "घंटा वाजली की दार उघडतं. कोणतं दार, हे विचारायचं नसतं."

कुणी विचारलंही नाही. आमच्या गल्लीत प्रश्न विचारले जातात ते फक्त पार्किंगबद्दल.

बुवा ती फुलं उकळायचा, गूळ घालून त्याचं तीर्थ करायचा. ते प्यायल्यावर हिंमतरावांना मुक्ताई दिसल्या. खरोखर दिसल्या, खोटं बोलणारा माणूस नव्हे तो. समोर बसून त्या त्यांच्याशी बोलल्या म्हणे. बातमी पसरायला वेळ लागला नाही. गेलेलं माणूस भेटतं म्हटल्यावर घरी कोण बसेल?

आमच्या शेजारी डॉक्टर दीक्षा राहते. तिनं एकदा हिंमतरावांना हटकलं, "काका, पेपर वाचायचा का सोडलात? डोळे दाखवा बघू."

"अक्षरं पुसट दिसतात. वय झालं," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.

त्या रविवारी त्यांची मुलगी अपेक्षा आली होती. सोबत तिची सहा वर्षांची तेजू. आजीच्या आठवणीनं पोर जेवत नव्हती. बुवानं तिला मांडीवर घेतलं आणि वाटी तिच्या तोंडाला लावली. "पी बाळा. आजी वाट बघतेय."

मी गर्दीत मागे उभा होतो. आत जाऊन ती वाटी हिसकावायला हवी होती, हे आता कळतं.

थोड्या वेळानं तेजूचा चेहरा लालभडक झाला. ती हवेतून काहीतरी वेचू लागली. मग किंचाळली, "आई, मुंग्या! भिंतभर मुंग्या!" अपेक्षा धावली, तर पोरीनं तिलाच ढकललं. आईला ती ओळखत नव्हती.

"देवी आली!" बुवा ओरडला. "कुणी हात लावू नका! हात लावाल तर घराचा सत्यानाश!"

बायका पदर पसरून वाकल्या. अपेक्षाचे पुढे झालेले हात तसेच राहिले. मी मात्र धावत दीक्षाच्या दारावर गेलो.

ती अनवाणीच आली. गर्दी सारून तिनं तेजूच्या कपाळाला हात लावला. अंग तापलेलं, पण घामाचा टिपूस नाही. मोबाइलचा उजेड डोळ्यांवर धरला. बाहुल्या मोठ्याच्या मोठ्याच राहिल्या.

"विषबाधा आहे ही. अपेक्षाताई, उचला तिला. माझी गाडी काढते."

"देवीच्या कामात आडवं येऊ नकोस, पोरी!" बुवा उठला.

"अहो, हे धोतऱ्याच्या कुळातलं झाड आहे. पानं, फुलं, बिया, सगळं विषारी. तोंड कोरडं पडतं, नजर पुसट होते, मेंदू भलतंच दाखवतो. मोठ्यांना गेलेली माणसं दिसली, हिला मुंग्या दिसल्या. तुम्ही कधी प्यायलात का हे?"

"माझं... माझं व्रत असतं."

हिंमतरावांनी बुवाकडे पाहिलं, मग नातीला उचललं आणि तेच आधी फाटकाबाहेर पडले.

ती रात्र तेजूनं अतिदक्षता विभागात काढली. बरळणं थांबेना, नाडी धावत होती. हिंमतराव काचेबाहेर उभे होते. बसा म्हटलं तरी बसेनात. सकाळी तेजूनं आईला हाक मारली, तेव्हा ते भिंतीला टेकून रडले. अपेक्षानं पोलिसांत तक्रार दिली. बुवाला पकडलं.

पुढच्या रविवारी लोक तरीही आले. हिंमतराव फाटकात उभे राहिले.

"तीर्थ नाही. ते विष होतं," ते म्हणाले. "झाडाचा दोष नाही. ते बघायचं, वास घ्यायचा, पोटात घालायचं नाही. दोष माझा. दुःखात होतो, म्हणून डोकं चालवायचं सोडलं, आणि नात जाता जाता राहिली. अहो, दुःखातच माणसाला कुणीही फसवतं. तेव्हाच विचारा: काय देताय, त्यात काय आहे, ते अंगात जाऊन काय करतं. उत्तर देत नसेल, तर उठून घरी जा."

कुणी पुटपुटलं, कुणी गाडी वळवली. एक बाई मात्र हलेना.

"पण काका, मला माझा लेक दिसला होता हो."

हिंमतरावांनी फाटक उघडलं. तिच्यासाठी खुर्ची ओढली.

"या, बसा," ते म्हणाले. "कसा होता तो, सांगा मला."