पाचकभस्म आणि गणपतीचं मखर

सोसायटीच्या गोदामापुढं त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. दिंडोरीजवळच्या या द्राक्षवाल्या गावात भूमीनाथ महाराज आले होते, आणि ते चक्क थर्माकोलचं खत करत होते.

गणपती नुकतेच गेले होते. घरोघरी माळ्यावर मखरं पडली होती. देवाचं मखर उकिरड्यावर फेकवत नाही आणि जाळावं तर काळा धूर घरभर होतो. गावाची ही अडचण महाराजांनी बरोबर हेरली होती.

“भक्तहो,” महाराज म्हणाले, “प्लास्टिक खाऊन खाऊन भूमातेला अजीर्ण झालंय. तिचं पोट दुखतं, तिला ढेकर येतात, त्यालाच तुम्ही भूकंप म्हणता. डॉक्टर तिची नाडी कुठं धरणार? आम्ही तिला पाचक देतो.”

शिष्यांनी लोकांची मखरं पडद्यामागं ‘शुद्ध करायला’ नेली. थोड्या वेळानं बोटाएवढ्या पांढऱ्या कांड्यांची टोपली बाहेर आली. महाराजांनी त्या घमेल्यातल्या मातीत घातल्या, चिमूटभर पाचकभस्म टाकलं, वर तांब्याभर तीर्थ ओतून सगळं हातानं कालवलं. मग घमेलं गावापुढं धरलं. आत नुसता काळा चिखल होता, पांढरं नावालाही नव्हतं.

“आता ऑक्टोबरची छाटणी येईल,” महाराज म्हणाले. “वेलींच्या बुडाशी खणता त्या चाऱ्यांत यंदा शेणखत नको. मखरं, पिशव्या, ठिबकच्या फाटक्या नळ्या, सगळं घाला आणि वर हे भस्म भुरभुरा.”

पाचकभस्माच्या पुड्या हातोहात खपल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या केरूनं तर पिशवीभर घेतल्या. शेजारी त्याची बायको लंकाबाई बसली होती. टोपलीतून उडालेली एक कांडी तिच्या ओटीत पडली होती. प्रसाद म्हणून तिनं ती पदराला बांधली खरी, पण पुड्यांच्या पिशवीला काही हात लावला नाही.

कारण त्यांची द्राक्षबाग लंकाबाईच्या हातची होती. जमीन घेतली तेव्हा तिथं नुसता मुरूम होता, पाणी घातलं की वाहून जायचं. घरामागं खड्डा करून शेण, पालापाचोळा, छाटणीच्या काड्या, भाजीची देठं वर्षानुवर्षं तिनं कुजवली, वरखाली केली आणि पाट्या भरभरून चाऱ्यांत नेऊन ओतली. आता त्या मातीत हात मनगटापर्यंत जायचा. वेलीच्या बुडाशी पांढरी मुळी दिसली की तिला लेकराला दात आल्याचा आनंद व्हायचा.

“रविवारी चाऱ्या भरून टाकू,” घरी आल्यावर केरू म्हणाला. “तुझा खड्डा राहू दे यंदा. पाट्या वाहून वाहून मान मोडती तुझी.”

तो प्रेमानंच बोलत होता, म्हणून तर लंकाबाईला जास्त भीती वाटली.

“अहो, आन् नाय जिरलं तर? मुळीत गेलेलं परत कसं काढायचं?”

“डोळ्यानं बघितलं ना तू?”

बघितलं तर होतं.

सकाळी भांडी घासता घासता तिला पदराची गाठ आठवली. ओल्या हातानंच तिनं कांडी सोडली, तर ती बोटांना चिकटली, कुरडईच्या चिकासारखी. लंकाबाई थबकली. माळ्यावरच्या आपल्या मखराचा तुकडा मोडून तिनं बादलीत दाबून धरला. सोडला की तो टुणकन वर यायचा, होता तसा कोरडा. उरलेली अर्धी कांडी घेऊन ती तडक भाचीकडं गेली. ललिता गावच्याच शाळेत विज्ञान शिकवायची.

ललितानं कांडीवर आयोडीनचा थेंब टाकला. कांडी निळी-काळी पडली.

“मावशी, हे थर्माकोल नाही. मक्याचं स्टार्च आहे. अंबडला आमचे हे कामाला आहेत त्या कारखान्यात परदेशातून मशिन येतं, त्याच्या खोक्यात अशाच कांड्या भरलेल्या असतात. पाण्यात विरघळतात.”

“म्हंजी भस्म?”

“भस्म कुठल्याही चुलीतलं घे. त्याचं इथं काही काम नाही.”

डोळ्यानं बघितल्याशिवाय केरूला पटणार नव्हतं, म्हणून लंकाबाई शनिवारच्या कार्यक्रमाची वाट बघत राहिली. शनिवारी गोदामापुढं पुन्हा महाराजांनी घमेलं पुढं ओढलं तशी ती उठली. हातात मखराचा तुकडा होता.

“महाराज, माझं मखर मीच घालते. पडद्याआड नाय देणार.”

“माई, शुद्धीकरण व्हावं लागतं.”

“देवापुढं दहा दिवस होतं. आणखी काय शुद्ध व्हायचंय त्याचं?”

लोक हसले. महाराजांना नाही म्हणता येईना. लंकाबाईनं तुकडा घातला, महाराजांनी मूठभर भस्म टाकलं, तीर्थ ओतलं, कोपरापर्यंत हात घालून ढवळलं. थर्माकोल वर आला. दाबला, पुन्हा वर आला. तिसऱ्यांदा तर महाराजांच्या अंगठीत अडकून बसला.

“श्रद्धा कमी पडली,” महाराज म्हणाले.

तोवर ललिता पुढं आली. टोपलीतल्या कांडीवर तिनं आयोडीन टाकलं. कांडी काळीनिळी झाली आणि मखराचा तुकडा नुसता पिवळट राहिला.

“बघा,” महाराज सावरत म्हणाले, “साक्षात नीलकंठाचा रंग.”

ललितानं पिशवीतून कापलेला बटाटा काढला आणि त्याच्यावर थेंब टाकला. बटाटाही निळा झाला. गोदामापुढं असा हशा पिकला की शिष्यांनी पडदा गुंडाळायला घेतला. पडद्यामागं लोकांची मखरं जशीच्या तशी रचलेली सापडली.

“कांड्या वाईट नाहीत,” ललितानं सगळ्यांना सांगितलं. “माणसानं मक्यापासून केलेली ती चांगली वस्तू आहे, खतात गेली तर कुजते. पण थर्माकोल कुजत नाही, नळ्या कुजत नाहीत. ते कुजवणारं भस्म कुणाकडंच नाही.”

केरू मात्र कुणाकडं बघेना. लंकाबाईनं विचारलं तेव्हा तो हळूच म्हणाला, “एक चारी मी सकाळीच भरली. तुला पाट्या वाहाव्या लागू नये म्हणून.”

दोघं बागेत गेली. केरूनं थर्माकोल मोडून घातला होता आणि त्याचा भुगा होऊन पांढरे मणी मातीत पसरले होते. दिवस मावळेपर्यंत दोघं ते वेचत होती. मोठे तुकडे निघाले, मणी सगळे निघाले नाहीत. लंकाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

“मला तरी इचारायचं,” ती म्हणाली. “माती काय श्रद्धा बघती का? तिच्यात जे घालू ते तिच्यात राहतं.”

पुढच्या गणपतीला त्यांच्या घरी केळीच्या खांबांचं मखर झालं. विसर्जनानंतर केरूनंच ते तोडून खड्ड्यात टाकलं. त्या एका चारीत मात्र मेलेल्या वेलीच्या जागी नवी लावताना आजही पांढरा मणी वर येतो. तुमच्या गावी कुणी चमत्कार घेऊन आला तर त्याला जरूर नमस्कार करा, पण तुमचा तुकडा पडद्याआड देऊ नका. तो तुमच्या हातानं पाण्यात घाला, आणि काय होतं ते बघूनच चारी भरा.