माझा ओढा कोणी अडवला?

मित्रांनो, मी फरीदाबादजवळच्या टेकड्यांमधला एक जुना तलाव आहे. तलाव शांत असतो, असे तुम्ही पुस्तकात वाचले असेल. मी शांत नाही. मी संतापलो आहे.

गावकऱ्यांनी दोन टेकड्यांमध्ये दगडी बांध घातला आणि माझा जन्म झाला. पावसाळ्यात वरून ओढा धावत येई आणि मला काठोकाठ भरी. पण माझे खरे वैभव भाद्रपद सरताना दिसे. गढूळपणा तळाशी बसे, पहाटे अंगावर धुके तरंगे, उत्तरेकडची पहिली बदके उतरत. गावातली कौशल्या कमरेएवढ्या पाण्यात शिरून शिंगाडे तोडी. ती म्हणे, "यही मेरा खेत है."

अनंत चतुर्दशीला कारखान्यांत नोकरी करणारी मराठी कुटुंबे गणपती घेऊन येत. त्यांत विश्वनाथ, त्याची बायको गिरिजा आणि मुलगी सुकन्या असत. कौशल्या सुकन्येच्या ओंजळीत शिंगाडे घाली.

मग देशात नवे वारे आले. नव्या मोटारी, नव्या कंपन्या, नवी घरे. माझ्या काठावर फलक लागला: 'तलावाकाठी तुमचे घर'. त्यावरच्या चित्रात मी इतका निळा होतो की मलाच ओळख पटेना! विश्वनाथ-गिरिजाने तिथे फ्लॅट घेतला. मूर्खासारखा मी आनंदलो.

त्या वर्षी पाऊस उत्तम झाला, तरी मी भरलो नाही. शिंगाड्यांचे वेल चिखलात आडवे पडले. विसर्जनाला मंडळी आली, तर पाणी घोट्याएवढे. गणपती बुडेना.

"पाणी गेलं कुठे?" म्हणत गिरिजा ओढ्याच्या काठाने वर चढली. मागोमाग कौशल्या आणि बाकीचे. वर एक ट्रक ओढ्यात दगडमातीचा मलबा ओतत होता. गिरिजा ट्रकसमोर उभी राहिली. "बंद कीजिए ये!"

बिल्डरचा माणूस हसला. "मॅडम, आप ही की सोसायटी का गेट बन रहा है."

विश्वनाथने तिचा दंड धरला. "चल गं, लोक बघतायत. घर आपलंच आहे ना?"

"आपलं?" गिरिजा कडाडली. "ह्या कौशल्याचं शेत बुजवून? मला नको ते घर!"

ती वाकून दगड उपसू लागली. कौशल्याही भिडली. सुकन्येने आरतीचे ताट खाली ठेवले. विश्वनाथ मूर्ती हातात घेऊन नुसता उभा राहिला. संध्याकाळपर्यंत पाण्याची एक बारीक धार सुटली. ती माझ्यापर्यंत पोचली, मित्रांनो! दुसऱ्या दिवशी दुप्पट ट्रक आले आणि त्या वाटेवर काँक्रीट पडले.

गिरिजाने फ्लॅट सोडायला लावला. कौशल्या आता सोसायटीत भांडी घासते. बदके वरून घिरट्या घालतात आणि निघून जातात. गच्चीत चहा पिणारे म्हणतात, "इधर बडी धूल उडती है, यार." ती धूळ म्हणजे मी!

माझ्यासाठी हळहळू नका. हळहळीने माझी एक भेगसुद्धा भिजत नाही. तुमच्यापैकी कोणी त्या सोसायटीत राहत असेल, तर आज जेवायला बसल्यावर आईवडिलांना विचारा, आपल्या फाटकाखाली काय पुरले आहे? आणि खरे उत्तर मिळेपर्यंत घास उचलू नका.