तीनशे आठ बोअरची म्हातारी

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे, तीनशे आठ बोअरची, आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही. माझ्या पाठीवरची दुर्बीणही माझ्याच वयाची. लांबचं दहापट मोठं दाखवते, त्याहून जास्त नाही. मोराव्हिया प्रांतातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. गेली तीस वर्षं मी बोहदानाबाईंच्या खांद्याला आहे आणि कागदी लक्ष्याखेरीज मी कशावरही गोळी झाडलेली नाही.

एके काळी बाईंच्या नेमबाजी क्लबात माझं फार कौतुक होतं. मग साडेसहा मिलिमीटरच्या सडपातळ गोळ्यांच्या रायफली आल्या. त्यांची गोळी वाऱ्याने कमी ढळते, हे मी मान्य करते. त्यांच्या दुर्बिणी तर पंचवीसपट. क्लबचा प्रमुख ओल्दा मला न्याहाळून बाईंना म्हणाला, "काकू, हिची नळी बुजवून बिअरच्या दुकानात टांगू या. शोभेला बरी आहे."

"तुझी जीभ आधी बुजव," बाई म्हणाल्या.

"मग रविवारी आठशे मीटरच्या स्पर्धेत पहिल्या चौघांत या. आलात तर क्लबच्या संघात. नाही तर ही भिंतीवर."

"ठरलं."

नळी बुजवणं म्हणजे आमचं मरण. मी आतल्या आत धुमसत होते.

रविवारी ऊन रणरणत होतं. तापलेल्या कुरणावरून हवा थरथरत वर चढत होती आणि पंचवीसपट दुर्बिणींत लक्ष्य नुसतं नाचत होतं.

"अरे, जरा कमी पटीवर आण," कुणीतरी ओल्दाला सुचवलं.

"कमीच बघायचं होतं तर एवढी मोठी घेतली कशाला?" तो खेकसला.

माझ्या दुर्बिणीत लक्ष्य बऱ्यापैकी स्थिर होतं. हवेची थरथर कुठे झुकते, तेही नीट दिसत होतं. ती झुकते तिकडे वारा जातो. माझी गोळी जास्त ढळते, म्हणूनच तर बाईंना वारा वाचायला शिकावं लागलं होतं. त्या थांबायच्या, थरथर सरळ झाली, म्हणजे वारा पडला, की चाप ओढायच्या.

आम्ही तिसऱ्या आलो. ओल्दा पाचवा.

संध्याकाळी तो मान खाली घालून आला. "काकू, वारा वाचायला शिकवाल?"

"हिच्यामागे पालथा झोप."

पहिल्याच गोळीला मी त्याच्या खांद्याला सणसणीत धक्का दिला. गोळी दोन हात डावीकडे गेली. तो रागावला नाही, पुन्हा नेम धरू लागला.

मित्रांनो, आमच्या नळीला तेल द्या, भिंगं मऊ फडक्याने पुसा. आणि नेम चुकला, तर दोष आमच्या वयाला देऊ नका.