डिस्क भरली नव्हती

दृष्टिहीनांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्या त्या स्टुडिओत यंत्रांची सगळी भिस्त भाऊजींवर होती. खरं तर ते एकट्या वहिनीचेच भाऊजी. पण ती तिथे संपादनाला बसू लागली आणि ते साऱ्यांचेच भाऊजी झाले.

त्या दुपारी एक पुस्तक तयार होता होता पडद्यावर अक्षरं आली : जागा शिल्लक नाही.

"राहीलच कशी? नुसता पसारा साठवून ठेवता!" भाऊजी सगळ्यांदेखत वहिनीवर खेकसले. "जुनं काढा आधी."

"अहो, पण त्यात गुरुजींचं..."

"पण नाही नि बिण नाही!" त्यांनी माऊस ओढून घेतला आणि स्वतःच सगळं पुसून टाकलं.

पुन्हा काम लावलं. पुन्हा तीच अक्षरं.

आता मात्र त्यांनी जे आधी बघायचं ते बघितलं. डिस्क निम्म्याहून जास्त रिकामी होती! संगणकावर लिनक्स ही प्रणाली बसवताना त्यांनीच तिचे कप्पे पाडले होते : ध्वनिमुद्रणांसाठी ऐसपैस, आणि प्रोग्रामच्या तात्पुरत्या फायलींसाठी इवलासा. संपादनाचा नवा प्रोग्राम अर्धंमुर्धं काम त्या इवल्याशा कप्प्यात टाकत होता, आणि तो काठोकाठ भरला होता. मोठा कप्पा पुसून त्या लहान कप्प्यात तसूभरही जागा होणार नव्हती.

तात्पुरत्या फायली त्यांनी मोठ्या कप्प्याकडे वळवल्या. पुस्तक झटक्यात तयार झालं. कुणीतरी टाळी वाजवली. भाऊजींना मान वर करवेना.

"वहिनी, गुरुजींचं काय म्हणत होतात?"

"घशाच्या ऑपरेशनआधी एक पुस्तक वाचलं होतं त्यांनी आपल्यासाठी. आता आवाज नाही त्यांना."

ते वाचन परत मिळवायला भाऊजींनी जंग जंग पछाडलं. पण नवं पुस्तक नेमकं त्याच जागेवर लिहिलं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते वहिनीबरोबर गुरुजींकडे गेले. "डिस्क भरली नव्हती, गुरुजी. मी न बघताच पुसलं. वहिनी सांगत होत्या, मी ऐकून घेतलं नाही."

गुरुजी उठले, त्यांनी ते पुस्तक आणून भाऊजींच्या मांडीवर ठेवलं आणि बोटाने खूण केली : वाचा.

दुसऱ्याच वाक्याला गुरुजींनी टेबलावर टिचकी मारली. उच्चार चुकला होता. कान लाल झालेले भाऊजी वहिनीदेखत पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले.