पीळ सोडलेला पापुद्रा

मी एक जुना पापुद्रा आहे. मित्रांनो, तुमच्या पेन्सिलीत जे काळे ग्राफाइट असते, त्याच्याच एका खड्यातून मी निघालो. माझी जाडी अवघ्या एका अणूची. अशा पापुद्र्याला ग्राफीन म्हणतात. आता भाव खाण्यासारखे माझ्यात काही उरलेले नाही, पण जन्म चांगल्या घरचा आहे, एवढे सांगून ठेवतो.

चिकटपट्टीने मला खड्यावरून सोलून काढले आणि वळण लावले ते ताईने. ताई म्हणजे इथल्या प्रयोगशाळेत संशोधन करणारी मुलगी. तिने माझे दोन तुकडे केले. त्यातला एक उचलून जेमतेम एका अंशाने फिरवला आणि दुसऱ्यावर अलगद ठेवला. वरचा तो मी, खालचा माझा जुळा भाऊ. हे सारे ती श्वास रोखून करायची. शिंक आली तर दाराबाहेर पळायची.

एवढ्याशा वळणाने काय होते, असे तुम्ही म्हणाल. एरवी आमच्यातून इलेक्ट्रॉन सुसाट पळतात. त्या कोनात मात्र ते रेंगाळतात आणि ठरावीक जागी घोळका करतात. एक अतिशय टोकदार सुई मला न शिवता माझ्यावरून फिरली आणि तिने ते घोळके टिपले. पडद्यावर ओळीने ठिपके उमटले. ताईचे सर खुर्चीवरून उठून पाहायला आले. ते चित्र भिंतीवर लागले. मला वाटले, आपल्यासारखे आपणच!

तेच चित्र पुन्हा, अधिक स्वच्छ काढून दाखवले की ताईचा प्रबंध पुरा होणार होता. माझ्या अंगावर चिकट मळ राहिला होता. तो घालवायला तिने मला भट्टीत ठेवले. ऊब लागली आणि मी वाहवलो. एकमेकांवर जुळवून बसायची आमच्या जातीची खोडच आहे. मी हळूच सरकलो आणि भावाशी जुळवून निवांत झालो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा पीळ नुसत्या उबेने गेला.

सुई पुन्हा फिरली. ठिपके नव्हते.

"पहिल्या वेळी सुईच बिघडलेली असणार," सर म्हणाले. "ते चित्र खरं नव्हतंच. उतरव ते."

ताईने स्वतःच्या हाताने चित्र उतरवले. खरे काय ते मला ठाऊक होते आणि बोलता येत नव्हते. तोंड असते तर मी ते लपवले असते.

पण ताई चिकाटीची. तिने सुई माझ्या पार कडेपर्यंत नेली. तिथे एका सुरकुतीत माझा कोपरा अडकून राहिला होता, म्हणून तेवढाच सरकला नव्हता. तिथे ठिपके दिसले, अगदी पहिल्या चित्रातल्याइतक्याच अंतरावर.

सरांनी दोन्ही चित्रे शेजारी ठेवून ठिपक्यांमधले अंतर स्वतः मोजले. मग म्हणाले, "चुकलो मी. तुझा हात बरोबर होता." आणि चित्र त्यांनीच पुन्हा भिंतीवर चिकटवले.

बाकीचा मी सरकलो हे आता उघडे पडले होते. आता आपली धडगत नाही, असे मला वाटले. ताई एवढेच म्हणाली, "तापवलं तर मीच ना? त्याला कशाला बोल लावायचा?"

मित्रांनो, कोणी जिवापाड मेहनतीने तुम्हाला वळण लावले असेल, तर ते जपा. आणि कोणाचे काम फसलेले दिसले, तर कोपऱ्यापर्यंत पाहिल्याशिवाय त्याला खोटे ठरवू नका.

आता ताई नवा पापुद्रा घडवते आहे. मी डबीत पडून असतो. ती चिडली असती, तर मी सोसले असते. पण डबीचे झाकण लावतानाही तिने श्वास रोखून धरला होता, मला धक्का लागू नये म्हणून. त्याची लाज अजून जात नाही.